महात्माजींचें इंग्रजी

सेवाग्रामची वाट आपल्या वर्धा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असते. तेथें राहून गेलेल्या महात्मा गांधींच्या इंग्रजीविषयीं मात्र फारसें कोणी सांगत नाहीं.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म पोरबंदर येथें २ ऑक्टोबर १८६९ रोजीं झाला. राजकोटच्या हायस्कुलांत ते पहिल्या वर्षांत असतां जाइल्स नांवाचे इन्स्पेक्टर तपासणीस आले व त्यांनीं वर्गास पांच इंग्रजी शब्द लिहावयास घातले. त्यांत 'केटल' हा एक होता. किटली म्हणून तो आज चहाच्या टपरीवर पोरासोरांच्या तोंडीं आहे. पण लिहितांना त्यांत 'टी' हें अक्षर दोनदां येतें आणि शेवटचा 'ई' उच्चारांत मुळींच ऐकूं येत नाहीं. कानावर विसंबणारा मुलगा तेथें हमखास फसावा. मोहनदासांचें स्पेलिंग चुकलें. शिक्षकांनीं बुटाच्या टोकानें त्यांस डिवचून शेजाऱ्याच्या पाटीवर पाहण्याची खूण केली. शिक्षक उभे आहेत ते नक्कल होऊं नये म्हणून, अशी त्या मुलाची समजूत. तेव्हां ती खूण त्यांस कळलीच नाहीं. बाकीच्या सर्व मुलांचे पांचहि शब्द बरोबर निघाले, हे एकटे चुकले. मागाहून शिक्षकांनीं त्यांचा मूर्खपणा त्यांस समजावून देण्याचा यत्न केला, तो व्यर्थ गेला. तरीहि गुरुजींविषयींचा त्यांचा आदर उणावला नाहीं. त्या प्रसंगांतील सर्वांत कठीण गोष्ट मला हीच वाटते.

चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजींतून शिकवीत, आणि भूमिति डोक्यांत शिरेना. १८८७ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांस इंग्रजींत २०० पैकीं ८९ गुण मिळाले. पुढील सालीं ते विलायतेस गेले. तेथें वर्तमानपत्रें वाचण्याची संवय लागली, आणि १८९१ मध्यें ते बॅरिस्टर होऊन परतले. दक्षिण आफ्रिकेंत सरकारकडे करावयाचे अर्ज इंग्रजींतच लिहावे लागत. पुढें 'यंग इंडिया' व 'हरिजन' या पत्रांतून त्यांनीं वर्षानुवर्षें इंग्रजी लिहिलें.

१९३६ मध्यें ते शेगांवीं राहावयास आले. सेवाग्राम हें नांव गांवास १९४० मध्यें मिळालें. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें भरलेल्या शिक्षण परिषदेनें मुलांस सात वर्षें मातृभाषेंतून शिक्षण देण्याचा ठराव केला. दुसऱ्या वर्षीं 'हरिजन'मध्यें महात्माजींनीं स्वतःच्या शाळेचा हिशेब मांडला: जें गणित, जी भूमिति शिकण्यास चार वर्षें गेलीं, तें सारें गुजरातींतून एका वर्षांत आलें असतें.

त्यांच्या आत्मकथेचें महादेवभाई देसाई यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर महात्माजी स्वतः तपासून देत. तरी १९४० च्या आवृत्तीसाठीं भाषा पुन्हा एका इंग्रजीच्या पंडिताकडून तपासून घेण्यांत आली. आपलें नांव छापूं नये, या अटीवर त्यांनीं तें काम केलें. ते गृहस्थ श्रीनिवास शास्त्री होते, हें मागाहून कळलें. असहकारितेच्या चळवळीस याच शास्त्र्यांनीं उघड विरोध केला होता. जानेवारी १९४६ मध्यें शास्त्री मद्रासच्या रुग्णालयांत असतां महात्माजी त्यांस भेटून आले. एप्रिलांत शास्त्री वारले. महात्माजींचा वध ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस झाला.