रॉबर्ट हूक : पाया तपासणारा माणूस

मित्रहो, हूकचा नियम आपल्याला फर्स्ट इयरपासून पाठ आहे. स्प्रिंगला वजन लावायचं, ताण मोजायचा, ग्राफ काढायचा, जर्नल सबमिट करायचं, सुटलो! पण ज्याच्या नावाचा हा नियम आहे, तो माणूस कित्येक वर्षं लंडनच्या गल्लीबोळांतून लोकांच्या घरांचे पाये मोजत फिरत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आजच्या भाषेत सांगायचं तर रॉबर्ट हूक हा घरांचा इन्स्पेक्टर होता. आणि गंमत म्हणजे त्यासाठी त्याने कुठलीही परीक्षा दिली नव्हती!

हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा, आयल ऑफ वाइट या बेटावरच्या फ्रेशवॉटर गावातला. वडील पाद्री, घरची परिस्थिती बेताची, त्यात मुलाची प्रकृती नाजूक. तेराव्या वर्षी वडिलांचं छत्र हरपलं आणि पोरगा लंडनला आला. वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये शिकला, तिथून ऑक्सफर्डला गेला. तिथे रॉबर्ट बॉइलचा मदतनीस म्हणून त्याने हवेचा पंप तयार केला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखवण्यासाठी नेमलं. १६६५ मध्ये 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक आलं. बायॉलॉजीतला 'सेल' हा शब्द त्यातलाच! त्याच वर्षी तो ग्रेशम कॉलेजात भूमितीचा प्राध्यापक झाला.

आणि मग सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन पेटलं. एका बेकरीत लागलेली आग चार दिवस धुमसत राहिली. घरं लाकडी, एकमेकांना खेटून बांधलेली, वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले. सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळून गेली. हजारो लोक उघड्यावर आले.

घरं पुन्हा बांधायची तर होतीच, पण पुन्हा तशीच बांधली तर पुन्हा तशीच जळणार! म्हणून फेब्रुवारी १६६७ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात. गल्लीतलं घर दोन मजली, मोठ्या रस्त्यावरचं तीन, हमरस्त्यावरचं चार. तळघराची भिंत किती विटांची, वरची किती विटांची, तेही ठरवून दिलं. पण नियम कागदावर लिहिणं सोपं असतं. ते जागेवर पाळले जातात की नाही, हे बघायला माणूस लागतो. हा माणूस कसा हवा? कायद्याच्या अटी दोनच होत्या. त्याला बांधकामातलं कळत असावं आणि त्याने प्रामाणिकपणे काम करण्याची शपथ घ्यावी. बस्स!

मार्च १६६७ मध्ये पीटर मिल्स आणि हूक यांनी ही शपथ घेतली. मिल्स मूळचा विटांचं काम करणारा गवंडी. पुढच्या वर्षी जॉन ऑलिव्हर आला, तो काचकामातला. आणि हूक एकतीस वर्षांचा प्रोफेसर! ज्याला घर बांधायचं असेल त्याने आधी पालिकेत फी भरायची, पावती घेऊन सर्व्हेअरकडे यायचं. मग सर्व्हेअर स्वतः जागेवर जाऊन खुंट्या ठोकून पाया आखून द्यायचा. आपले सिव्हिलवाले ज्याला लाइनआउट म्हणतात, तेच हे. रस्ता रुंदीकरणात कुणाची जमीन गेली तर ती मोजून सर्टिफिकेट द्यायचं, म्हणजे त्या माणसाला नुकसानभरपाई मिळे. शिवाय शेजाऱ्यांची भांडणं! सामाईक भिंत कुणाची, खिडकीचा उजेड कुणी अडवला, संडासाची घाण कुणाच्या तळघरात झिरपते... रॉयल सोसायटीचा हा शास्त्रज्ञ हे सगळं उभं राहून बघायचा आणि निकाल लिहून द्यायचा. एकट्या हूकने हजारो पाये आखून दिले.

हे चालू असतानाच १६७८ मध्ये त्याने स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला. लोंबती साखळी उलटी केली की कमानीचा योग्य आकार मिळतो, हेही त्यानेच सांगितलं. रेनबरोबर त्याने २०२ फुटी मॉन्युमेंट उभारलं, ते आजही लंडनमध्ये आहे.

पण एक गोष्ट मनाला चटका लावते. हूकने स्वतः डिझाइन केलेलं बेथलेम हे मनोरुग्णांचं हॉस्पिटल १६७६ मध्ये बांधून झालं. दिसायला राजवाडा! पण ते उभं होतं शहराच्या जुन्या, भर घालून बुजवलेल्या खंदकावर. पुढे भिंतींना तडे गेले, जमीन खचली, आणि १८१५ मध्ये हॉस्पिटल दुसरीकडे हलवावं लागलं. लोकांचे पाये तपासणाऱ्या माणसाच्या इमारतीचा पायाच कच्चा निघाला! मला वाटतं, यात त्याच्या हुशारीचा प्रश्न नाही. आपलाच पेपर आपण तपासला की चूक दिसत नाही, मग तो माणूस हूक का असेना!

३ मार्च १७०३ ला हूक वारला. आयुष्यभर काटकसरीत राहिलेल्या या माणसाच्या खोलीत हजारो पौंड भरलेली पेटी सापडली. त्याचं खात्रीचं एकही चित्र मात्र आज उपलब्ध नाही.

लंडनला पुढचे धडे सावकाश मिळाले. १८५५ च्या कायद्यानंतर तिथल्या डिस्ट्रिक्ट सर्व्हेअरना परीक्षा द्यावी लागू लागली. तरीही १४ जून २०१७ च्या पहाटे ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. त्यानंतर २०२२ मध्ये नवा कायदा आला. २०२४ पासून इंग्लंडमध्ये इमारती तपासणाऱ्याला आपली पात्रता सिद्ध करून रजिस्टरमध्ये नाव नोंदवावं लागतं. किमान १८ मीटर उंच किंवा किमान ७ मजली निवासी इमारतींच्या बिल्डरला आपला तपासनीस आपणच निवडायची सोयही बंद झाली. साडेतीनशे वर्षं लागली, पण बेथलेमचा धडा कायद्यात उतरला!

मित्रहो, उद्या आपल्यातलेच काहीजण कुणाच्या तरी घराच्या सर्टिफिकेटवर सही करतील. परीक्षा पास होऊन सहीचा अधिकार मिळेल, पण ती सही खरी ठरेल ती खड्ड्यात उतरून पाया बघितल्यावरच. हूकचा हा दुसरा नियम सिलॅबसमध्ये नाही, पण लक्षात ठेवायला हरकत नाही, नाही का?