पदवी नसलेले प्राध्यापक : धर्मानंद कोसंबी

गणपती ही विद्येची देवता. त्यामुळे आपल्या स्मरणिकेत दरवर्षी निदान एक लेख विद्येविषयी असावा, असा संपादक मंडळींचा आग्रह असतो. यंदा ती जबाबदारी माझ्यावर आली. मी काही लेखक नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून सोलापूरहून रेल्वेत भरती झालो आणि बदल्या होत होत हावड्याला स्थिरावलो. रूळ, खडी आणि पूल यांच्या पलीकडचे माझे वाचन बेताचेच. तरीही लिहायला बसलो, त्याला कारण आमच्या घरातला एक वाद.

गेल्या वर्षी आमची मुलगी बी.ए. झाली. एम.ए.ला पाली घेणार, बौद्ध आणि जैन धर्माचा अभ्यास करणार, असे तिने जाहीर केले. मी सरळ विरोध केला. बी.एड. कर, बँकेच्या परीक्षा दे, देवाधर्माचे वाचन म्हातारपणी करता येते, असे बरेच काही बोललो. आठवडाभर घरात अबोला होता. मग एके दिवशी मी ड्यूटीवर निघताना तिने माझ्या पिशवीत एक पुस्तक टाकले. ते होते धर्मानंद कोसंबी यांचे आत्मचरित्र, ‘निवेदन’. रात्रीच्या ब्लॉकची वाट पाहत केबिनमध्ये मी ते उघडले आणि दोन रात्रींत संपवले. नंतर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. घरची नारळाची बागाईत होती, पण परिस्थिती ओढगस्तीची. शाळा जेमतेम झाली. लहानपणीच बागेच्या कामाला लागले आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास बाळाबाईंशी लग्नही झाले. मराठी पुस्तके मिळवून वाचायची एवढाच काय तो विरंगुळा. अशातच १८९७ साली मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. मुलांच्या मासिकातला तो लेख, पण या तरुणाच्या मनाने असा घेतला की बुद्धाचा धर्म मुळातून समजून घेतल्याशिवाय जगण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटू लागले.

वडील वारल्यावर १८९९ साली त्यांनी घर सोडले. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. पुण्यात येऊन ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. बौद्ध धर्म समजायचा तर आधी संस्कृत हवे, म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशी गाठली. तिथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्रीबुवांपाशी व्याकरण घोकायचे, असा क्रम सुरू झाला. १९०२ मध्ये बौद्ध धर्म जिवंत असेल या आशेने ते नेपाळला गेले. काठमांडूत त्यांची निराशा झाली. तिथून बोधगया, मग कलकत्ता आणि पुढे मद्रासवरून थेट सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांना शेवटी पाली भाषा भेटली. श्रामणेराची दीक्षाही तिथेच मिळाली. पुढे ब्रह्मदेशात भिक्षूंबरोबर राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला.

आज आपण आरक्षण करून प्रवास करतो, तरी गाडी दोन तास उशिरा आली की चिडतो. खिशात पैसे नाहीत, वाटेतल्या भाषा येत नाहीत, पुढच्या मुक्कामी कोण आसरा देईल ते माहीत नाही, अशा स्थितीत या माणसाने सात वर्षे काढली. आणि हे सारे एका भाषेसाठी. बुद्धाचा उपदेश ज्या त्रिपिटकात आहे ते पालीत आहे, आणि ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून न मानता स्वतः वाचायचे, ही त्यांची जिद्द होती.

१९०६ साली ते कलकत्त्याला आले. आपण राहतो ते हेच शहर, हे वाचताना माझे मलाच नवल वाटले. स्वदेशीची चळवळ जोरात होती. त्याच वर्षी इथे राष्ट्रीय महाविद्यालय निघाले आणि अरविंद घोष त्याचे प्राचार्य झाले. शिकवता यावे म्हणून धर्मानंदांनी भिक्षूची वस्त्रे उतरवली आणि तिथे पाली शिकवू लागले. बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांच्यासारख्या बंगाली विद्वानांनी त्यांची योग्यता ओळखली. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांच्या काळात कलकत्ता विद्यापीठानेही त्यांना पाली शिकवायला घेतले. मॅट्रिकसुद्धा न झालेला, गोव्याच्या खेड्यातून आलेला मराठी माणूस विद्यापीठात शिकवू लागला. आपल्या मंडपात दरवर्षी आरतीला येणाऱ्या बंगाली सहकाऱ्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने या माणसाकडे पदवी मागितली नाही, विद्या पाहिली.

इथेच राहिले असते तर त्यांचे चांगले चालले असते. पण ही विद्या महाराष्ट्रात गेली पाहिजे, हा त्यांना ध्यास होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एकच, महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत. कलकत्त्याला याहून बराच जास्त पगार मिळत असताना त्यांनी ते ५० रुपये पत्करले. आपल्यापैकी किती जण अशी बदली मागून घेतील?

मुंबईत असताना भांडारकरांमुळे त्यांची हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रा. वुड्स यांच्याशी ओळख झाली आणि १९१० साली त्यांना अमेरिकेचे बोलावणे आले. काम होते ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधनाचे. पाचव्या शतकात बुद्धघोष आचार्यांनी सिलोनमध्ये रचलेला हा ग्रंथ शील, समाधी आणि प्रज्ञा अशा तीन पायऱ्यांनी बौद्ध साधना समजावतो. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने हे काम हाती घेतले होते, पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करायचे म्हणजे सिंहली आणि ब्रह्मी लिपीतल्या निरनिराळ्या पोथ्या समोर ठेवून प्रत्येक शब्द ताडून पाहायचा. नव्या लाइनची लेव्हल घेताना आम्ही एक रीडिंग पुन्हा पुन्हा तपासतो, त्यातलाच हा प्रकार. एक चूक राहिली की पुढचे सगळे चुकते.

पण ग्रंथावर कोणाचे नाव कसे यावे यावरून तिथले प्रा. लानमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. काम आपण करायचे आणि केवळ मदतनीस म्हणून उल्लेख घ्यायचा, हे त्यांना मान्य नव्हते. १९१२ साली ते परत आले. पुढे आणखी तीनदा हार्वर्डला जाऊन १९३२ मध्ये त्यांनी काम पुरे केले. हार्वर्डच्या ग्रंथमालेत ‘विसुद्धिमग्ग’ प्रसिद्ध झाला १९५० साली. तो पाहायला ते हयात नव्हते. नाव मात्र त्यावर आहे.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले, त्यामागे त्यांचे आणि भांडारकरांचे प्रयत्न होते. पु. वि. बापट यांच्यासारखे नामवंत अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. नंतर ते गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात होते. तिथे जैन पंडितांच्या सहवासात त्यांनी जैन आगमांचाही अभ्यास केला. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावरचे त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात, १९४९ मध्ये निघाले. १९२९ च्या सुमारास ते रशियात लेनिनग्राडलाही बौद्ध विद्येसाठी गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजनविहार’ उभारला.

त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक १९४० साली आले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा आपण शाळेत शिकलो. धर्मानंदांनी जुने पाली ग्रंथ तपासून सांगितले की ही कथा नंतरची आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणे होत, शस्त्रे निघत, आणि त्या हिंसेला कंटाळून सिद्धार्थाने घर सोडले असावे, असे त्यांनी मांडले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण या पाण्याच्या तंट्याशीच जोडलेले आहे. बुद्धावर ज्याची एवढी श्रद्धा, त्यानेच त्याच्या चरित्रातले चमत्कार बाजूला काढून ठेवले. धर्माचा अभ्यास म्हणजे म्हातारपणची पोथी, हा माझा समज इथे पार गळून पडला.

एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. या विद्येची किंमत बाळाबाईंनीही मोजली. नवरा घर सोडून गेला आणि सात वर्षे त्या तान्ह्या मुलीला घेऊन राहिल्या. पुढे १९१८ मध्ये धर्मानंद माणिक आणि दामोदर यांना घेऊन अमेरिकेला गेले, तेव्हाही बाळाबाई धाकट्या मुलींसह मागेच राहिल्या. माणिक अमेरिकेत पदवीधर झाली. दामोदर म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी. बापाचे मोठेपण सांगताना या माउलीला विसरू नये. आम्ही रेल्वेवालेही घरापासून दूर बरेच राहिलो आहोत, त्यामुळे घर कोण चालवते ते आपल्याला ठाऊक आहे.

शेवटी आजारपणाने शरीर साथ देईना, तेव्हा इतरांवर भार होऊन जगण्यापेक्षा जैन मुनींप्रमाणे अन्नत्याग करून देह ठेवावा, असे त्यांनी ठरवले. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी उपवास सोडला. पण पुढे सेवाग्रामच्या आश्रमात पुन्हा अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांना आदरांजली वाहिली.

डिप्लोमावाला म्हणून माझ्या मनात कायम एक सल होता. पदवी असती तर कुठल्या कुठे गेलो असतो, असे वाटायचे आणि ती कसर मुलीच्या पदवीने आणि नोकरीने भरून काढायची होती. पुस्तक मिटल्यावर लक्षात आले की ती मला शिकायला परवानगी मागत होती आणि मी फक्त पगार विचारत होतो. कोसंबींना जे शिकण्यासाठी कोलंबो गाठावे लागले, ते तिला घरून बसने जाऊन शिकता येणार होते. नोकरीची काळजी मला अजून आहे, ती खोटी कशाला सांगू? पण प्रवेशाचा फॉर्म भरायला मीच तिच्याबरोबर गेलो.

आता ती संध्याकाळी पाली सुत्ते मोठ्याने वाचते. मधून मधून एखादा शब्द मराठीसारखा वाटतो आणि मी अर्थ विचारतो. कधी बरोबर येतो, बहुधा चुकतो. विद्येच्या देवतेपुढे यंदा हात जोडताना एवढेच मागणार आहे, की आपल्या सर्वांच्या मुलांना मुळापर्यंत जाऊन शिकण्याची बुद्धी मिळो आणि आपल्याला त्यांच्या वाटेतून बाजूला होण्याची.

गणपती बाप्पा मोरया!