कै. दादासाहेब खापर्डे : मुन्सफ व लोकप्रतिनिधी

महाड-पोलादपूरकडील आपल्या घरांत मुन्सफ हा शब्द अपरिचित नाही. बांधाचे व वाटणीचे दावे घेऊन महाडच्या कोर्टाची पायरी चढलेली घराणी थोडी नाहीत. मुलाने कायद्याची परीक्षा द्यावी व मुन्सफ व्हावे, याहून मोठी आकांक्षा एके काळी वडीलधाऱ्यांस नसे. अशी मुन्सफी हाती असता जे तीतून आपण होऊन बाहेर पडले, त्या कै. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचे चरित्र तरुण ज्ञातिबांधवांपुढे ठेवावेसे वाटते. ते वऱ्हाडचे, परंतु महाडास जन्मलेले 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे ज्या टिळकपक्षाचे, त्याच पक्षाचे ते तिकडील आधारस्तंभ होत.

त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ चा. संस्कृत व इंग्रजी वाङ्मयाचा व्यासंग करून १८८४ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली व पुढील वर्षापासून वऱ्हाडात मुन्सफ व एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून काम केले. पगार निश्चित, मान मोठा, बढतीची वाट मोकळी. पण सरकारी अधिकाऱ्यास राजकारणात उघडपणे पडता येत नसे. न्यायमूर्ती रानड्यांनी खुर्चीवर राहूनच लोककार्य केले व त्यापायी सरकारचा संशयही सोसला. तो मार्ग हलका नव्हे. दादासाहेबांचा पिंड निराळा. १८९० साली त्यांनी नोकरी सोडून अमरावतीस वकिली मांडली. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष झाले. १९०८ साली लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा होताच त्यांच्या अपिलासाठी ते विलायतेस गेले आणि चालती वकिली मागे टाकून सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. वकिलाच्या घरी याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको! त्यांचा शिर्डीचा मुक्काम व तेथील रोजनिशी साईभक्तांस ठाऊकच आहे. तो विषय स्वतंत्र.

पुढे ते वरिष्ठ कायदेमंडळात गेले व १९१९ साली रौलट बिलाविरुद्ध तेथे बोलले. १९२० च्या सुमारास कौन्सिल ऑफ स्टेटची निवडणूक आली, तेव्हा वऱ्हाडची स्थिती मोठी चमत्कारिक होती. तो प्रांत कायद्याने निजामाचा, कारभार मात्र इंग्रजांचा. म्हणून वऱ्हाडातील मतदारांनी माणूस निवडावा व मग सरकारने त्याचीच नेमणूक करावी, असा द्राविडी प्राणायाम ठरला होता. मतदारही मूठभर, मिळकतदार वर्गातले. अशा रीतीने, सरकारची नोकरी सोडलेले हे जुने मुन्सफ लोकांच्या मताने पण सरकारच्या सहीने सभागृहात बसले.

असहकारितेच्या त्या दिवसांत, कौन्सिलांवरील बहिष्कार न मानल्याबद्दल त्यांना पुष्कळ बोल लागला. प्रस्तुत लेखकास तो सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. खुर्चीचाच मोह असता तर तो १८९० साली अधिक स्वस्तात पुरविता आला असता. त्यांची ती सभासदकी १९२५ पर्यंत चालली. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे देहावसान झाले.