सुभेदारांचा लेक

विहाराच्या वर्धापनदिनी आपण बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो, माता रमाईची आठवण काढतो. पण ज्या बापाने हे लेकरू घडवले त्या सुभेदार रामजी मालोजी सकपाळांविषयी आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. म्हणून हे चार शब्द.

रामजीबाबा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. पलटणीत सुभेदार झाले, लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक होते. पंथ कबीराचा. भीमाबाईंच्या पोटी १४ लेकरे झाली, त्यातले चौदावे भीमराव, १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले. जगली ती पाचच: बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीम. भीम लहान असतानाच साताऱ्याला आई गेली.

पुढे मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. दोघांना शिकवण्याची ऐपत नव्हती, म्हणून आनंदराव कामाला लागले आणि भीम एल्फिन्स्टन हायस्कुलात गेला. थोरल्या भावाचा हा त्याग आपण विसरतो, विसरू नये. सुभेदार पहाटे दोनला पोराला अभ्यासाला उठवत. पोराला पुस्तकांचा भारी नाद. पैसे नसले की म्हातारा लग्न झालेल्या लेकींच्या दारी जायचा, उसने मागायचा, नाहीतर दागिना घेऊन गहाण ठेवायचा. पेन्शन आली की सोडवायचा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचे चुकारे हाती पडायच्या आधीच पोरांची फी भरावी लागते नि माय कानातलं काढून देते. ते घर कसं असतं हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

आणि एवढे करून तोंडावर कौतुक नाही! भीम परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा ठरवली. रामजीबाबांनी साफ नकार दिला. एक परीक्षाच तर पास झालाय, पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे मत. शेवटी त्यांचे स्नेही दादा केळुसकर मध्ये पडले, तेव्हा कुठे तयार झाले. (चरित्रकार ही सभा १९०७ च्या मॅट्रिकच्या वेळची सांगतात, बाबासाहेबांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथीची म्हटले आहे.) त्याच सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमाला भेट दिले. बाप अडून बसला असता तर ते पुस्तक त्या दिवशी त्या हाती पडले नसते. आपल्या विहाराच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर निघाले. वडिलांना ते पसंत नव्हते. थोड्याच दिवसांत तार गेली, बाबा अत्यवस्थ आहेत. परत येताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव सुरतेला उतरले नि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा सुभेदारांचे प्राण जणू लेकासाठीच अडकले होते. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला, असे चरित्रकार लिहितात. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले.

त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बापाने पाहिली ती बी.ए. पर्यंतचीच मजल. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ लंडनला निघाला, तो त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे.