महर्षी कर्वे : कामांचा क्रम लावणारे आयुष्य

सन १८७५ मध्ये कोकणातील मुरूड गावाहून काही मुले साताऱ्यास जाण्यासाठी पायी निघाली. वाट शंभराहून अधिक मैलांची, मध्ये सह्याद्रीचा घाट. साताऱ्यास परीक्षा होती, तीसाठी सतरा वर्षांचे वय आवश्यक होते. धोंडो केशव कर्वे या मुलाने ती वर्षे पूर्ण केली होती. परंतु अंगकाठी इतकी लहान की परीक्षकांचा विश्वास बसेना. त्यांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. आल्या वाटेने तो परत गेला आणि पुढच्या वर्षी ती परीक्षा उत्तीर्ण झाला. मॅट्रिक होईपर्यंत तो तेवीस वर्षांचा झाला होता. बरोबरीची मुले एव्हाना नोकरीधंद्यास लागलेली असत. बुद्धीची फार मोठी झेप नाही, घरी पैसा नाही आणि वर्षे तर हातातून गेलेली, अशा स्थितीत ज्याला आयुष्य उभारायचे असते त्याला आपले तास मोजूनच वापरावे लागतात.

मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली गणित घेऊन ते बी. ए. झाले. पुढे संसार चालवण्यासाठी एकाच वेळी निरनिराळ्या शाळांतून शिकवणे आणि शिकवण्या करणे सुरू झाले. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मुंबईच्या एका भागातून दुसऱ्या भागात त्यांची पायपीट चाले. या धावपळीचा भार पत्नी राधाबाईंनीही उचलला होता, हे बहुतेक चरित्रांत एखाद्या वाक्यातच उरकले जाते. १८९१ साली राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. लोकमान्य टिळकांच्या राजीनाम्याने ती जागा रिकामी झाली होती.

१८९३ साली त्यांनी बालविधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. विधवाविवाहाच्या प्रसारासाठी कर्व्यांनी त्याच वर्षी एक मंडळी स्थापन केली आणि तिचे चिटणीसपदही सांभाळले. हे कार्य केवळ मताचे नव्हते, त्यांच्या स्वतःच्या घराशी जोडलेले होते. तरीही अवघ्या काही वर्षांत ते त्यातून बाजूला झाले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड निवड हीच म्हणावी लागेल. विधवाविवाह मोजक्या जणींचे होणार होते. शिक्षणाची गरज मात्र प्रत्येक विधवेला होती. आईवडिलांना मुलीला शिकवायचे असले, तरी तिचे लग्न लावून दिले जाईल या धास्तीने ती आश्रमात पाठवली जात नव्हती. दोन्ही कामे एकाच माणसाच्या हाती राहिली, तर एकामुळे दुसरे अडणार, हे कर्व्यांनी ओळखले. १८९६ साली स्वतःच्या शिलकीतील एक हजार रुपये देऊन त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला होता. त्या आश्रमासाठी त्यांनी विवाहाच्या चळवळीतील आपली जागा सोडली. काही सुधारकांना हे माघार घेणे वाटले. कर्व्यांनी वाद घातला नाही. विधवाविवाह त्यांना कधीच गैर वाटला नव्हता. प्रश्न फक्त आधी काय, एवढाच होता.

प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली. शहरापासून अंतर सुमारे चार मैल आणि रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. आता कर्व्यांपुढे प्रश्न होता तो दिवसाचा. महाविद्यालयातील तासिका हे त्यांचे पहिले बंधन होते. तेथे शिथिलता त्यांना चालणार नव्हती. म्हणून दिवस महाविद्यालयाचा आणि संध्याकाळ आश्रमाची, अशी वाटणी त्यांनी केली. शिकवणे संपले की आश्रमास लागणारे सामान घेऊन हिंगण्यास चालत जायचे, तेथील मुलींना शिकवायचे, रात्री तेथेच राहायचे आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरायची. पावसाळ्यात गुडघाभर चिखल तुडवतही हा क्रम सुटला नाही. वर्षाचीही वाटणी अशीच होती. सुट्ट्या लागल्या की वर्गणी गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडायचे. पैशाच्या बाबतीतही हाच स्वभाव : मिळकतीतील ठरावीक वाटा मुरूडच्या गावकामासाठी बाजूला काढण्याची शिस्त त्यांनी तरुणपणीच लावून घेतली होती, आणि उरलेला खर्च त्यानंतर.

मात्र या क्रमात कोणीतरी शेवटच्या जागी राहणारच होते, आणि ते होते घर. संध्याकाळी वडील घरी नाहीत, सुट्टीतही नाहीत, अशा घरात बाया मुलांना वाढवत होत्या. कर्व्यांनी आपली पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. उद्या पतीचे काही बरेवाईट झाले तर मुलांचे काय, हा बायांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. त्यांनी ही नाराजी लपवली नाही. पुढे आपल्या आठवणींतही ती मोकळेपणाने नोंदवली. कर्व्यांना तिचे दुःख झाले नसेल असे नाही, पण निर्णय बदलला नाही. त्या निर्णयाची थोरवी सांगताना त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीही आश्रमासाठी वर्गणी मिळवण्यात आपले आयुष्य वेचले.

१९०७ साली महिला विद्यालय आणि १९०८ साली निष्काम कर्ममठ या संस्था निघाल्या. पुढे महिला विद्यापीठाची कल्पना आली, तिची कथाही लक्षात घेण्याजोगी आहे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे टपालाने आली होती. हातातील कामांपुढे त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. १९१५ साली सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि भाषणाची तयारी करताना ती पुन्हा हाती लागली. या वेळी मात्र ती बाजूला पडली नाही. एव्हाना ते महाविद्यालयातून निवृत्त झाले होते, हिंगण्याच्या संस्था चालवणारी माणसे तयार झाली होती. १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मोजक्या विद्यार्थिनींवर त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा एक विषय, ही त्याची रचना होती. उच्च शिक्षण मराठीतून देता येईल यावर त्या काळी सुशिक्षितांचाही भरवसा नव्हता. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातुःश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले.

विद्यापीठ स्थिरावल्यावर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते परदेशप्रवासास निघाले; स्त्रीशिक्षणाच्या या प्रयोगाची माहिती त्यांनी देशोदेशी दिली. परतल्यावर १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेथे शाळा नाही अशा खेड्यांतील मुलांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि वर्गणीसाठी पुन्हा पायी फिरू लागले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. बाया तेव्हा हयात नव्हत्या. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी कर्वे निवर्तले. हिंगण्याची ती झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे, आणि ज्या वाटेने ते सामान घेऊन जात, त्या बाजूचा रस्ता आज कर्वे रस्ता म्हणून ओळखला जातो.