सिग्नल ओळखणाऱ्या यंत्रामागचे गणित अन् डी. डी. कोसंबी, वाचा सोप्या शब्दांत

सोलापूर : डी. डी. कोसंबी म्हटले की प्राचीन भारताचा इतिहास आठवतो. मात्र, वायरलेस सिग्नलचा प्रकार संगणकाने आपोआप ओळखण्यासाठी जे गणित उपयोगी पडते, त्यातील एक महत्त्वाचा भाग त्यांनी १९४३ मध्येच मांडला होता. त्याला नाव मात्र दुसऱ्यांचे मिळाले.

कोण होते कोसंबी?

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्म आणि पाली भाषेचे मोठे अभ्यासक. दामोदर यांनी १९२९ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतली. बनारस आणि अलीगढमध्ये शिकवून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले.

सिग्नलचा प्रकार म्हणजे काय?

आवाज किंवा डेटा हवेतून पाठवण्यासाठी तो रेडिओलहरीवर चढवावा लागतो. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. लहरीची उंची बदलली की एएम, वारंवारता बदलली की एफएम. मोबाइल आणि वायफायमध्ये याहून गुंतागुंतीचे प्रकार असतात. कोणता प्रकार वापरला आहे, हे तुमच्या फोनला टॉवरकडूनच कळते. पण बेकायदा प्रक्षेपण शोधणाऱ्या यंत्रणेला किंवा शत्रूचे संदेश टिपणाऱ्या लष्कराला ते कोण सांगणार? तिथे संगणकालाच प्रकार ओळखावा लागतो, तोही गोंगाटातून.

कोसंबींनी काय केले?

सिग्नलचे हजारो नमुने जसेच्या तसे तपासणे अवघड असते. अशा वेळी नमुन्यांतील चढउतारांचा सर्वाधिक भाग ज्या मोजक्या आकारांत सामावतो, ते आकार शोधून काढता येतात. मग हजारो आकड्यांऐवजी थोड्याच आकड्यांवरून वर्गवारी करता येते. सिग्नल ओळखण्याच्या अनेक पद्धतींपैकी ही एक. कोसंबी स्वतः वायरलेसवर काम करत नव्हते. पण या पद्धतीमागची कल्पना त्यांनी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’मधील निबंधात मांडली होती.

तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते. परदेशात या निबंधाकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढच्या काही वर्षांत कारी कारहुनेन आणि मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच गणित मांडले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

नाणी आणि पंढरीची वाट

कोसंबींनी जुन्या नाण्यांनाही संख्याशास्त्र लावले. हाताळणीत नाणे झिजते, वजन घटते. अनेक नाण्यांच्या वजनांवरून कोणती किती काळ वापरात होती, याचा अंदाज त्यांनी बांधला. आपल्या जिल्ह्याशीही त्यांचे नाते आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या वाटेवर त्यांना अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे सापडली. वारीची वाट वारीपेक्षाही कितीतरी जुनी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९४५ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. घर पुण्यातच असल्याने डेक्कन क्वीनने ये-जा चाले. पुढे रीमानच्या प्रसिद्ध गणिती कोड्याचे उत्तर सापडल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

२००८ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. आता काही अभ्यासक या गणिताला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असे म्हणतात. अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र बहुतेक विद्यार्थी आजही त्यातली शेवटची दोनच नावे शिकतात.