सॅम हिगिनबॉटम: बायबल घेऊन आले, मग शेती शिकायला परत गेले

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर वसलेल्या एखाद्या ठाकुरवाडीत जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात जाऊन बघा. ओढ्याचं पाणी लाल-तपकिरी झालेलं असतं. तो रंग म्हणजे वरच्या वरकस जमिनीची माती. जिच्यात नाचणी-वरी पिकते तीच. दरवर्षी थोडी थोडी खाली जाते आणि परत येत नाही.

बरोबर याच प्रश्नावर शंभरेक वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने अख्खं आयुष्य लावलं. गंमत म्हणजे तो शेतीतज्ज्ञ म्हणून भारतात आलाच नव्हता. तो आला होता ख्रिस्ती मिशनरी म्हणून. मुंबईहून प्रयागराजला जाणारी गाडी यमुनेचा पूल ओलांडण्याआधी नैनीजवळून जाते. तिथलं कृषी विद्यापीठ आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

त्या माणसाचं नाव सॅम हिगिनबॉटम. ही त्यांची गोष्ट.

मँचेस्टर ते अलाहाबाद

हिगिनबॉटम यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८७४ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये झाला. लहानपण वेल्समध्ये गेलं. घरची परिस्थिती साधीच. तरुणपणी ते शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. माउंट हर्मन शाळा, ॲमहर्स्ट कॉलेज आणि मग प्रिन्स्टन विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. १९०३ मध्ये ते पदवीधर झाले आणि त्याच वर्षी प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले.

त्यांना काम मिळालं अलाहाबादच्या मिशन कॉलेजात. शिकवायचा विषय होता अर्थशास्त्र. सोबत नैनीच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाची जबाबदारीही आली. १९०४ मध्ये एथेलिंड कोडी यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि दोघांनी मिळून हे काम पुढे नेलं.

पुस्तकातलं अर्थशास्त्र शिकवता शिकवता ते विद्यार्थ्यांना घेऊन आसपासच्या खेड्यांत जायला लागले. तिथे त्यांना जे दिसलं त्याने त्यांची दिशाच बदलली. ज्या देशात बहुतेक लोक जमिनीवर जगतात, तिथला शेतकरीच उपाशी होता. पाऊस तीन-चार महिने पडायचा आणि त्यातलं बरंचसं पाणी माती घेऊन नदीला मिळायचं. नांगर जमीन फक्त ओरबाडायचा. गुरं भरपूर, पण दूध नावापुरतं.

उपाशी माणसाला प्रवचन देऊन काय होणार, हा प्रश्न त्यांना पडला. तो त्यांच्यापुरता सुटेना.

पस्तिशीतला विद्यार्थी

१९०९ मध्ये ते रजेवर अमेरिकेला गेले. अशा रजेत मिशनरी सहसा विश्रांती घ्यायचे, चर्चमध्ये भाषणं द्यायचे. हिगिनबॉटम यांनी मात्र ओहायो स्टेट विद्यापीठात शेतीच्या पदवीसाठी नाव घातलं. घरसंसार असलेला, पस्तिशीचा माणूस नव्याने माती, खतं आणि जनावरं यांचा अभ्यास करू लागला. १९११ मध्ये पदवी हातात आली.

दुसरी अडचण होती पैशाची. मिशनच्या पैशातून शेती करायची, ही कल्पनाच अनेकांना रुचत नव्हती. मिशनऱ्याने प्रचार करावा, नांगर कशाला धरावा, असा आक्षेप होता. त्यामुळे त्यांनी स्वतः फिरून देणग्या मागितल्या आणि सुमारे ३० हजार डॉलर जमवले.

या पैशातून नैनीला यमुनेच्या काठी २७५ एकर जमीन घेतली गेली. जमीन कसली, ओघळींनी चिरलेला आणि कांस गवताने भरलेला माळ. पण तेच हवं होतं. चांगल्या जमिनीवर चांगलं पीक काढून दाखवण्यात शेतकऱ्याला काय विशेष वाटणार? याच ठिकाणी अलाहाबाद कृषी संस्था उभी राहिली. तिचं स्थापना वर्ष १९१० मानलं जातं.

नैनीत नेमकं काय केलं?

सगळ्यात आधी माती थांबवली. ओघळींना आडवे बांध घातले. बांधामागे पाणी साचलं, गाळ बसला आणि काही पावसाळ्यांत ओघळीची जागा शेताने घेतली. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात आज हेच सांगितलं जातं.

मग खोल नांगरट, म्हणजे कांसाच्या मुळ्या निघतात आणि ओल जमिनीत मुरते. उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई होते म्हणून हिरवा चारा खड्ड्यात दाबून मुरघास. आणि दुधासाठी गाईंच्या जाती सुधारण्याचे प्रयोग. जर्सी आणि लाल सिंधी यांच्या संकरातून तयार झालेली ‘जरसिंध’ ही इथल्याच गोठ्यातली.

सगळंच जमलं असं नाही. सुरुवातीला अमेरिकी यंत्रांवर त्यांचा फार भर होता. पण दोन-तीन एकरांच्या आणि एका बैलजोडीच्या शेतकऱ्याला ती परवडणार कशी? ओहायोत शिकलेलं ज्ञान उष्ण प्रदेशात जसंच्या तसं चालत नाही, हा धडा त्यांना नैनीनेच दिला. यावर उत्तर शोधलं १९२१ मध्ये तिथे आलेल्या मेसन वॉ या इंजिनिअरने. इथल्या बैलांना ओढता येतील असे हलके लोखंडी नांगर त्यांनी बनवले. त्यांची नावंही मजेशीर होती: ‘वाह-वाह’ आणि ‘शाबाश’. पुढे १९४२ मध्ये कृषी अभियांत्रिकीचा देशातला पहिला पदवी अभ्यासक्रम याच संस्थेत सुरू झाला.

मराठी धागे

हिगिनबॉटम यांचं नाव मराठी राज्यकर्त्यांपर्यंतही पोहोचलं. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी त्यांना आपल्या संस्थानाच्या शेती खात्याचं काम दिलं. १९१६ ते १९१९ या काळात त्यांनी ते सांभाळलं.

दुसरा धागा सांगलीचा. तिथेही अमेरिकन मिशनने शेती आणि उद्योग शिकवणारी शाळा चालवली होती. तिचे प्रमुख होते जॉन गोहीन. त्यांनी इचलकरंजी संस्थानाचा कारभारही पाहिला आणि हिगिनबॉटम यांच्यानंतर नैनीच्या संस्थेची धुरा घेतली ती याच गोहीन यांनी.

हे सगळं धर्मांतरासाठी होतं का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. हिगिनबॉटम यांनी आपण मिशनरी आहोत हे कधीच लपवलं नाही. १९२१ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच शुभवर्तमान आणि नांगर शेजारी शेजारी आहेत. भुकेल्याला पिकवायला शिकवणं हीच त्यांच्या लेखी धर्मसेवा होती. संस्थेत मात्र सगळ्या धर्मांचे विद्यार्थी शिकत. गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. इंग्रज सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. आणि ज्या चर्चमधून एकेकाळी आक्षेप आले, त्याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चने १९३९ मध्ये त्यांना आपल्या सर्वोच्च पदावर, मॉडरेटर म्हणून निवडलं.

शेवटचा वर्ग

चार दशकं भारतात काढून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते अमेरिकेला परतले. पण निवृत्त असे झालेच नाहीत. फ्लोरिडाच्या उबदार हवेत त्यांनी एक केंद्र काढलं. उष्ण देशांत मिशनरी म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांना जाण्याआधीच तिथली शेती शिकवायची, हा त्याचा हेतू. स्वतःला जे सहा वर्षं उशिरा कळलं, ते पुढच्यांना आधी कळावं म्हणून.

११ जून १९५८ रोजी, ८३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या धर्माबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असू शकतं. पण आधी गावात जाऊन बघायचं आणि आपल्याला येत नाही हे कळलं की पुन्हा वर्गात बसायचं, एवढं त्यांच्याकडून नक्की घेता येईल. ठाकुरवाडीच्या ओढ्यातलं लाल पाणी अजून वाहतंच आहे.